इन्फ्लुएन्झा रुग्णांमधील प्रयोगशाळा निर्देशक

इन्फ्लुएन्झामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या व्यक्तीच्या आजाराची तीव्रता आणि संभाव्य परिणाम यांचा अंदाज घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांच्या मोजमापांना प्रयोगशाळा निर्देशक म्हणतात. आजाराचे निश्चित निदान मात्र घसा किंवा नाकातील स्रावाच्या आरटी-पीसीआर चाचणीने होते.

पार्श्वभूमी

२००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीतील भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. त्यानंतर शहरातील शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली. नायडू रुग्णालयात तपासणीसाठी रांगा लागल्या, तर नमुन्यांची चाचणी पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत असे. बहुतेक रुग्ण घरीच बरे होत असल्याने, कोणाची प्रकृती बिघडेल हे वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरले.

प्रमुख निर्देशक

* लिम्फोसाइट: या श्वेतपेशींचे प्रमाण गंभीर आजारात अनेकदा घटते.
* लॅक्टेट डिहायड्रोजिनेज: पेशींना इजा झाल्यावर हे विकर रक्तात वाढते.
* क्रिएटिन कायनेज: याची वाढ स्नायूंना झालेली इजा दर्शवते.
* सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन: दाह वाढल्यास यकृतात याची निर्मिती वाढते.
* प्रोकॅल्सिटोनिन: याची मोठी वाढ जोडीला जिवाणूसंसर्ग असल्याची शंका निर्माण करते.
* क्रिएटिनिन: याची वाढ मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्याचे सुचवते.

परिणामांशी संबंध

२००९ मध्ये मेक्सिको सिटीतील एका रुग्णालयात न्यूमोनिया झालेल्या १८ एच१एन१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्यात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज वाढलेले होते. ६१ टक्के रुग्णांमध्ये लिम्फोसाइट कमी, तर ६२ टक्के रुग्णांमध्ये क्रिएटिन कायनेज वाढलेले आढळले. १२ जणांना कृत्रिम श्वसनाची गरज भासली व ७ जण दगावले. गर्भावस्था, वार्धक्य, मधुमेह आणि हृदय किंवा फुप्फुसांचे जुने आजार यांमुळेही धोका वाढतो.

मर्यादा

कोणताही एक निर्देशक केवळ इन्फ्लुएन्झाचा नसतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात इन्फ्लुएन्झा व डेंग्यू एकाच वेळी पसरतात आणि दोन्हींत श्वेतपेशी व बिंबाणू (प्लेटलेट) घटू शकतात. त्यामुळे धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी, रक्तदाब घसरणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा नखे निळसर होणे या लक्षणांना अधिक महत्त्व दिले जाते. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक प्रभावी ठरते. म्हणून गंभीर रुग्णाला ते चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता सुरू करण्याची शिफारस आहे.