विश्लेषण : पैसे गेले, पाकीट लटकले… व्हेंडिंग मशीन वस्तू का देत नाही?

ऐरोली किंवा महापेच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळीत भूक लागली आणि कॅन्टीन बंद असले, की आधार उरतो तो काचेमागे वेफर्स मांडलेल्या यंत्राचा. क्यूआर कोड स्कॅन केला, २० रुपये गेले, मोबाइलवर हिरवी खूण आली. यंत्र मात्र ढिम्म. किंवा त्याहून चीड आणणारे म्हणजे स्प्रिंग फिरते, पाकीट पुढे सरकते आणि टोकाला लटकून राहते. रक्कम किरकोळ म्हणून अनेक जण ती सोडून देतात. पण या दोन प्रसंगांत पैसे वेगवेगळ्या ठिकाणी अडकतात आणि ते परत मिळवण्याचा मार्गही वेगळा असतो.

पाकीट लटकते का?

प्रत्येक खणात तारेची लांब स्प्रिंग आडवी बसवलेली असते. तिच्या दोन वेढ्यांमध्ये एक पाकीट. बटण दाबले की मागची छोटी मोटर स्प्रिंगला नेमका एक फेरा देते, सगळी रांग एका वेढ्याने पुढे सरकते आणि पहिले पाकीट खाली पडते. फेरा पूर्ण झाला की एक स्विच मोटर थांबवतो. वस्तू खरोखर पडली का, हे त्या स्विचला ठाऊक नसते.

बाटली वजनाने सहज सुटते. नायट्रोजन भरून फुगवलेले वेफर्सचे पाकीट मात्र अवघड गिऱ्हाईक. पाच-दहा रुपयांचे पाकीट इतके हलके असते, की त्याची वरची चिकटवलेली कड तारेत अडकली तर स्वतःच्या भाराने ते सुटत नाही. वेढ्यांतील अंतर आणि पाकिटाची जाडी जुळली नाही, किंवा माल भरणाऱ्याने घाईत पाकिटे कोंबली, तरी तेच होते. मग पुढचा ग्राहक तीच वस्तू घेतो आणि त्याला दोन मिळतात!

चांगल्या यंत्रात वस्तू पडण्याच्या जागी अवरक्त किरणांचा पडदा असतो. किरण तुटले नाहीत तर यंत्र स्प्रिंग आणखी थोडी फिरवते. तरीही काही पडले नाही, तर विक्री फसली अशी नोंद होते आणि पैसे परत देता येतात. हा पडदा नसेल किंवा बिघडलेला असेल, तर यंत्राच्या हिशेबी पाकीट विकले गेलेले असते.

मोबाइलवर ‘यशस्वी’, मग यंत्र गप्प का?

नाण्यांच्या यंत्रात हा घोळ नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरोने वर्णन केलेल्या यंत्रात नाण्याच्या वजनाने तरफ हलून पवित्र पाणी मिळे. पैसे आणि वस्तू एकाच तरफेला बांधलेले. यूपीआयने ती तरफ तोडली.

आता पैसे तुमच्या बँकेतून यूपीआयच्या जाळ्यामार्फत यंत्रचालकाच्या खात्यात जातात. ‘पैसे आले’ हा निरोप मात्र पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरून यंत्रातल्या सिमकार्डापर्यंत वेगळा यावा लागतो. यंत्र तळघरातल्या पार्किंगजवळ असेल आणि रेंज नसेल, तर तो निरोप वाटेतच राहतो. यंत्र ठरावीक वेळ थांबते आणि व्यवहार रद्द समजते. म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. यंत्राच्या पडद्यावर दर खरेदीला नवा कोड उमटत असेल, तर तोच वापरावा. कोणत्या खरेदीचे पैसे, हे त्यावरूनच जुळते.

पैसे कोण परत देणार?

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराकडे व्यवहाराची खात्री पोहोचली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने दाद दिली नाही, तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पाकीट लटकले तर हा नियम कामाचा नाही. बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालेला असतो. वस्तू न देण्याची जबाबदारी यंत्रचालकाची. त्यामुळे यंत्रावरचा क्रमांक, लटकलेल्या पाकिटाचा फोटो आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक लगेच जपून ठेवावा. यंत्रावर संपर्क दिलेला नसेल, तर पैसे कोणाच्या नावे गेले हे यूपीआय ॲपमध्ये दिसते. चालक दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

वाशी किंवा नेरुळ स्थानकातल्या तिकीट यंत्रासमोर हे घडले तर जास्त जपावे. पैसे गेल्याचा संदेश म्हणजे तिकीट नव्हे. तपासनिसाने पकडले तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये भरावे लागतात. अशा वेळी आधी तिकीट खिडकी गाठावी.

यंत्र हलवून पाहावे का?

अजिबात नाही. मालाने भरलेले मोठे यंत्र काहीशे किलोंचे असते आणि पुढे झुकले की सावरत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७८ ते १९९५ या काळात यंत्र अंगावर पडून झालेल्या किमान ३७ मृत्यूंची नोंद केली. फुकट शीतपेय किंवा अडकलेले पैसे मिळवण्यासाठी ते हलवणे, हेच त्यामागचे नेहमीचे कारण होते.