ग्रीनलँडचा बर्फ आणि नकाशावरील पांढरा रंग

भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा भिंतीवर टांगला, की पांढरा रंग म्हणजे बर्फ हे मुले न सांगताच ओळखतात. पांढरा रंग संपला की बर्फ संपला, असेही ती गृहीत धरतात. आपणही धरतो. याच गृहीतकामुळे एका नामांकित ॲटलासची फजिती झाली, ती हकिगत वर्गात सांगण्याजोगी आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये ‘टाइम्स कॉम्प्रिहेन्सिव्ह ॲटलास’ची तेरावी आवृत्ती निघाली. १९९९ च्या आवृत्तीशी तुलना करता ग्रीनलँडवरील कायमचा बर्फ १५ टक्क्यांनी घटला, सुमारे ३ लाख चौ. किमी. प्रदेश उघडा पडला, असे प्रकाशकांनी, म्हणजे हार्परकॉलिन्सने, जाहीर केले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी. आहे. म्हणजे बारा वर्षांत जवळजवळ एक महाराष्ट्र!

याला पहिला आक्षेप कोणी घेतला? पृथ्वी तापते आहे हे न मानणाऱ्यांनी नव्हे. केंब्रिजच्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी घेतला. ग्रीनलँडचा बर्फ वितळतो आहे हे जगाला सांगण्यात हीच मंडळी पुढे होती. त्यांनी ताजी उपग्रहचित्रे काढून दाखवली. नकाशात जिथे उघडी जमीन होती, तिथे चित्रांत हिमनद्या स्पष्ट दिसत होत्या.

चूक कशी झाली असावी, तेही लवकरच ध्यानात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्राकडे बर्फाच्या जाडीचा नकाशा होता. त्यातील ५०० मीटर जाडीची रेषा हीच बर्फाची कड समजली गेली. तिच्याबाहेरचा ४००, ३०० मीटर जाडीचा बर्फ नकाशातून पुसला गेला! महाराष्ट्राच्या उठावाच्या नकाशात ५०० मीटर उंचीची समोच्च रेषा हीच राज्याची सीमा मानून पाहा. कोकण तर जाईलच, पण नागपूर आणि सोलापूरही जातील.

वरच्या वर्गांना ही चूक साध्या गणितानेही पकडता येईल. पुसलेल्या पट्ट्यातील बर्फाची सरासरी जाडी पाव किलोमीटर धरू. ३ लाख चौ. किमी. गुणिले पाव, म्हणजे ७५,००० घन किमी. बर्फ. त्याचे पाणी होईल सुमारे ६९,००० घन किमी. सागरांचे क्षेत्रफळ साधारण ३६ कोटी चौ. किमी. असते. भागाकार केला की पातळीतील वाढ येते १९ सेंटिमीटर. त्या काळात समुद्र प्रत्यक्षात वर्षाला तीनएक मिलिमीटर, म्हणजे बारा वर्षांत चारएक सेंटिमीटर चढत होता, आणि तोही केवळ ग्रीनलँडमुळे नव्हे.

प्रकाशकांनी आधी नकाशाची बाजू घेतली, मग १५ टक्क्यांचा आकडा मागे घेतला आणि पुढे सुधारित नकाशा छापून दिला. तोवर शंकेखोरांना आयते निमित्त मिळाले होते: हे सगळेच फुगवून सांगतात! चूक ‘आपल्या बाजूची’ असली म्हणून शास्त्रज्ञ गप्प बसले नाहीत, हे आम्हाला या प्रकरणात विशेष वाटते. आणि खरा आकडा काही लहान नाही. २००२ पासून उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बदल मोजून काढला आहे, त्यानुसार ग्रीनलँड दरवर्षी सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावते. परंतु यातील बराचसा बर्फ पातळ होण्यात जातो. कड फारशी सरकत नाही. वरून पाहिलेल्या सपाट नकाशाला जाडी दाखवता येत नाही, ही खरी अडचण.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाची गोष्ट आणखी निराळी. तेथे कडच ठरवून मानलेली असते: समुद्राच्या एखाद्या चौकोनात १५ टक्के बर्फ असला, तरी विस्तार मोजताना तो सगळा चौकोन बर्फाचा धरतात. शिवाय महिना कोणता? मार्चमध्ये हा बर्फ सर्वाधिक पसरतो, सप्टेंबरमध्ये सर्वात कमी असतो. सप्टेंबरमधील हा किमान विस्तार १९७९ साली सुमारे ७० लाख चौ. किमी. होता, २०१२ साली ३४ लाख. २०१४ च्या नॅशनल जिऑग्राफिक ॲटलासमध्ये अनेक वर्षे टिकलेला जुना बर्फ तेवढा पांढरा दाखवला आणि हिवाळ्यातील विस्तारासाठी नुसती रेषा काढली. तो निर्णयही सर्वांना पटला नाही.

आपल्या शाळेतील ॲटलास उघडून मुलांना विचारावे: ध्रुवाभोवतीचा हा पांढरा रंग कोणत्या महिन्यातला, कोणत्या वर्षीचा? आमच्याजवळच्या दोन ॲटलासांच्या सूचीत ते कोठेच लिहिलेले नाही.