बंदराला मालाच्या वाटेनं जावं

पेणच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नानं चार दिवस डोक्यात घर केलं. त्यांची मुलगी नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये असते. मे महिन्यात ताई तिच्याकडे जाणार आहेत आणि ब्रुज हे जुनं बंदर त्यांना पाहायचं आहे. त्या विचारतात, ‘जुनं बंदर पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं? तिथे आता जहाजंच येत नाहीत म्हणे.’

ताई, या प्रश्नाची रंगीत तालीम घरच्या बंदरावर करता येईल. ब्रुजच्या आधी एकदा चौल-रेवदंडा करा, आणि मी सांगतो त्या वाटेनं करा.

आमच्या कासूहून चौलला जाणारा माणूस सहसा वडखळ, पोयनाड, अलिबाग, नागाव असा जातो. रामेश्वराचं दर्शन घेतो, दत्ताचा डोंगर चढतो, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बसतो आणि परततो. त्यात काही वाईट नाही. पण बंदर तेवढ्यानं कळत नाही. पाण्यावरून आलेला माल जमिनीवर कुठे चढत होता आणि पुढे कोणत्या वाटेनं जात होता, हे पायाखाली आलं की बंदर कळतं. म्हणून माझी चौलची सहल कासूच्या पुढच्याच स्टेशनावर, नागोठण्याला सुरू होते.

तिथे अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काजी अलाउद्दीननं तो 1580 च्या सुमारास बांधला. चौलच्या माणसानं इतक्या लांब येऊन पूल का बांधावा? कारण चौलची वाट इथून जात होती. पुलावर उभे राहा आणि रुंदी डोळ्यांनी मोजा. एक भरलेली गाडी निघाली की समोरच्याला थांबणं भाग, इतका तो अरुंद. खाली कमानी आणि कमानींतून येणारं-जाणारं खाडीचं पाणी. भरतीचं पाणी इथवर चढतं. बंदर चौलला होतं, पण त्याचा हात इथवर पोचला होता.

हा पूल व्हायच्या शंभरेक वर्षं आधी रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून गलबतानं चौलला उतरला. विकायला त्यानं सोबत एक घोडा आणला होता. अरबस्तान-इराणचे घोडे हा तेव्हा या किनाऱ्यावरचा मोठा व्यापार. निकितीन चौलहून पालीला आठ दिवसांत पोचल्याचं लिहितो, आणि पुढे जुन्नर. अभ्यासकांच्या मते हे पाली म्हणजे आपल्या बल्लाळेश्वराचंच पाली. आज एसटीनं काही तासांत होणारा हा रस्ता तेव्हा आठ दिवसांचा होता. रेवदंड्यात निकितीनचं स्मारक आहे. ते पाहण्याआधी त्याची वाट पाहून झालेली असली, की ते स्मारक ओळखीचं वाटतं.

आता मुहूर्त. बंदराला जायचं तर घड्याळाआधी पंचांग काढावं. आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे : तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्रयोदशीला एकोणचाळीस भागिले चार, म्हणजे पावणेदहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे चारच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ उधाण असल्यानं पाणी भरपूर चढतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक थोडा. म्हणून माझी पसंती त्रयोदशीला. सकाळी नागोठण्याचा पूल, दुपारी चौल, आणि चारला रेवदंडा.

ओहोटीला रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाबाहेरून वाळूतून चाला. एका हाताला तट, समोर कुंडलिका नदीचं मुख, पलीकडे कोर्लईचा डोंगर. निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी 1521 मध्ये इथे बस्तान बसवलं आणि 1594 मध्ये कोर्लईही घेतलं. का घेतलं, ते इथे उभं राहिलं की कुणी सांगावं लागत नाही : दोन्ही तीर ज्याच्या हाती, खाडी त्याची. 1740 मध्ये दोन्ही मराठ्यांकडे आले. तोवर मुंबई मोठी होऊ लागली होती. व्यापार तिकडे वळला आणि खाडी गाळानं उथळ होत गेली. तटाच्या आत सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले आहेत. ते पाहून साळावच्या पुलावरून रोह्याकडे निघा, म्हणजे कुंडलिकेची सोबत राहील.

ब्रुजची कथाही गाळाचीच आहे, ताई. 1134 च्या वादळानं समुद्र आत घुसला, झ्विन नावाची खाडी तयार झाली आणि शहराला बंदर लाभलं. मोठी जहाजं दाम या गावी थांबत, माल तिथून छोट्या होड्यांनी शहरात येई. पंधराव्या शतकात झ्विन गाळानं भरत गेली आणि व्यापार अँटवर्पला गेला. नवं बंदर, झेब्रुज, थेट 1907 मध्ये झालं. फरक एवढाच की ब्रुजनं आपला घंटाघराचा मनोरा जपला. त्याच्या 366 पायऱ्या आजही चढता येतात. आपल्या सातखणीचे सात खण उरले नाहीत, आणि हे मला दर वेळी लागतं.

तेव्हा ब्रुजला पहिल्या दिवशी चौकात जाऊ नका. आधी दामला जा, तिथून कालव्याकाठानं सहासात किलोमीटर चालत किंवा सायकलनं शहरात शिरा. माल ज्या दिशेनं शिरायचा, त्याच दिशेनं. मग मनोरा चढा आणि समुद्र कुठवर होता ते वरून पाहा.

पण त्याआधी पुढची त्रयोदशी कधी आहे ते कालनिर्णयात पाहून ठेवा. नागोठण्याचा पूल वाटेवरच आहे.