खिशातले शस्त्र : निवड, नियम आणि जमाखर्च

बंदूक ही वस्तू आपल्या जोयडा तालुक्याला नवी नाही. येथे गावे विरळ, घरे एकमेकांपासून लांब आणि शेताच्या बांधालाच रान लागलेले. रानडुकरे, गवे नि माकडे यांच्यापासून भात, केळी आणि सुपारी राखण्यासाठी काही शेतकऱ्यांच्या घरी आजही परवान्याची ठासणीची बंदूक असते. कन्नडमध्ये तिला ‘कोवी’ म्हणतात आणि परवान्याचे कारण ‘बेळे रक्षणे’ म्हणजे पीकसंरक्षण असे सांगितले जाते. ही बंदूक लांब, जड आणि चारचौघांना दिसणारी. खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मात्र निराळ्या जातीचे शस्त्र आहे. सिनेमात ते सर्वांनी पाहिले आहे. हातात घेतलेला माणूस क्वचितच भेटतो. त्यामुळे त्याविषयी ऐकीव माहिती फार आणि खरी माहिती थोडी.

हा विषय माझ्यापुढे आला तो एका व्यापारी गृहस्थांमुळे. काजू नि सुपारीची खरेदी करणारे हे काका रोकड घेऊन जोयड्याहून कधी दांडेलीला, कधी कारवारला जातात. मला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येते आणि मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून त्यांनी मला विचारले, “अरे, खिशात ठेवण्यासारखे एखादे लहान रिव्हॉल्व्हर घ्यावे म्हणतो. कोणते बरे, ते जरा बघून सांग.” त्यानिमित्ताने जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

बोलताना आपण दोन्हींना पिस्तूलच म्हणतो. पण रचना वेगळी आहे. आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. बोटाने ओढायचा तो चाप आणि मागून काडतुसावर आघात करणारा तो घोडा.

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते चक्र असते आणि त्यात बहुधा सहा घरे असतात. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन आदळतो आणि गोळी सुटते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते. रचना साधी, म्हणून नवख्याला समजायला सोपी. दोष एवढाच की चक्राचा फुगवटा खिशात जाणवतो.

पिस्तुलात काडतुसे मुठीच्या आतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानेच वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि पुढचे काडतूस नळीत भरतो. त्यामुळे पिस्तूल चपटे राहते आणि खिशाला सोयीचे होते. पण त्यात एक मोठा धोका आहे. मॅगझीन काढून घेतले तरी नळीत आधीच चढलेले काडतूस आतच राहते. “मॅगझीन काढले, म्हणजे रिकामे झाले” अशा समजुतीने चाप ओढला गेला की अपघात होतो.

चपटेपणाचे महत्त्व आपल्या इतिहासातही दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याच्या रचनेची चपटी पिस्तुले बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. लंडनहून सावरकरांनी अशी वीस पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठविली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंगच झाडले. पुढे २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. तरीही हॉटसन बचावले. या घटनांचे राजकीय मूल्यमापन हा आपला आजचा विषय नव्हे. शस्त्राच्या दृष्टीने एवढेच पाहावे की लहान शस्त्र हे हाता-दोन हातांच्या अंतरावरचे शस्त्र आहे आणि तेवढ्या अंतरावरही त्याचा भरवसा देता येत नाही. नळी आखूड असल्यामुळे हात किंचित हलला तरी नेम फार चुकतो.

बत्तीसच का?

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. बत्तीस बोअर म्हणजे एका इंचाचे बत्तीस शतांश, अर्थात सुमारे आठ मिलिमीटर. नऊ मिलिमीटरसारखी, सैन्याची आणि पोलिसांची काडतुसे चालणारी शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणून परवानाधारकाची निवड मुख्यतः बत्तीस बोअरपाशी येऊन थांबते.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे मधून मोडून उघडणारे जुन्या धर्तीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर अनेक वर्षे प्रचारात आहे. २०१४ साली कानपूरच्याच सरकारी कारखान्यातून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर निघाले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅमवर आले. ते स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे, असा हेतू सांगितला गेला. किंमत मात्र सुमारे सव्वा लाख रुपये होती. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचे चक्र बाजूला उघडते, वजन काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम आहे आणि नळी ७६ मिलिमीटरची आहे. पिस्तूल हवे असल्यास बंगालमधल्या कारखान्यांत बनलेले ‘अशनी’ आहे. आता काही खासगी कारखान्यांनाही उत्पादनाची परवानगी मिळाली आहे.

येथे एक व्यावहारिक सूचना. रिव्हॉल्व्हरही बत्तीस आणि पिस्तूलही बत्तीस. पण दोहोंची काडतुसे वेगळी आहेत. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरू नये. ही काडतुसे आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातच, १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात आणि त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असतात.

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला किमतीचे कोडे सहज उलगडेल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे आणि देशात दीर्घकाळ सरकारी कारखाना हाच एकमेव उत्पादक होता. पुरवठा अडलेला, स्पर्धा नाही. मग भाव उत्पादनखर्चाला धरून राहत नाही. त्यामुळे आयातबंदीपूर्वी आलेली जुनी विलायती पिस्तुले आजही मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकली जातात. विलायती म्हणजे उत्तम हा समज मात्र खरा नव्हे. पन्नास वर्षांची स्प्रिंग ही पन्नास वर्षांचीच असते.

खिशाची परीक्षा

आता खिशाकडे वळू. पहिली गोष्ट वजन. अर्धा किलो साखरेचा पुडा खिशात घालून दिवसभर वावरून पाहावे, म्हणजे कल्पना येईल. लेंग्याचा किंवा सदऱ्याचा खिसा लोंबतो आणि आत काय आहे ते सर्वांना कळते. दुसरी गोष्ट घोड्याचे टोक. बाहेर आलेले टोक कापडात अडकते आणि ऐन वेळी शस्त्र निघत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चापाची. त्या खिशात किल्ल्या, नाणी, पेन असे काहीही असता कामा नये. चाप पूर्ण झाकला जाईल असे खिशात बसणारे चामड्याचे म्यान असलेच पाहिजे. रिव्हॉल्व्हर जुन्या बनावटीचे असेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची पद्धत आहे. कारण खाली पडून घोड्यावर आघात झाला तरी गोळी सुटू शकते.

चौथी गोष्ट आपल्या हवेची. जूनपासून चार महिने आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तेथे खिशातल्या घामाने आणि दमट हवेने लोखंड गंजणारच. रोज पुसणे, तेल देणे आणि काडतुसे ठरावीक काळाने बदलणे हे आले. पाचवी गोष्ट बसण्याची. मोटारसायकलवर किंवा बसमध्ये बसलेल्या माणसाला विजारीच्या खिशात हात घालून पैशाचे पाकीट काढतानाही अर्धवट उठावे लागते. मग समोर चोर उभा असताना शस्त्र काढणे किती कठीण, हे सांगणे नको.

परवान्याची वाट

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. या कायद्याच्या १३ व्या कलमात लांब आणि आखूड शस्त्रांत केलेला भेद मला फार बोलका वाटला. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची छऱ्याची बंदूक नागरिकाने मागितली, तर अपात्रतेचे कारण नसल्यास परवाना द्यावा, असा कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. जे शस्त्र लपते, त्याविषयी कायदा अधिक शंका घेतो.

अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात कारवारला करायचा. त्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. म्हणजे माझ्यासारख्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सध्या हा विषय फक्त कागदावरचाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैदेची शिक्षा आहे.

परवाना मिळाल्यावरही शस्त्र मिरवता येत नाही. नियमानुसार सार्वजनिक ठिकाणी ते म्यानात, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. जत्रा, मिरवणूक, सभा आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे ते नेण्यास परवान्याच्या अटींनी मनाई आहे. उगाच हवेत बार काढणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे.

आपला रस्ता जंगलातून जातो

येथवरची माहिती देशात कोठेही लागू पडेल. पण आपल्या तालुक्याचा प्रश्न पुढेच आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून झालेला काळी व्याघ्र प्रकल्प तालुक्याच्या मोठ्या भागात पसरला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही ते कलम लागू आहे. ३४ व्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदवायचे असते आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.

याचा अर्थ असा की जोयड्याहून अणशीमार्गे कारवारला जाणाऱ्या माणसाच्या खिशात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असले, तरी केवळ तो परवाना पुरेसा होत नाही. ज्या निर्जन रस्त्याच्या भीतीने शस्त्र घ्यावेसे वाटते, त्याच रस्त्यावर ते नेण्याला सर्वांत अधिक अडचण. खिसा माणसांपासून शस्त्र लपवील. तपासणी नाक्यावर तो उपयोगाचा नाही.

जमाखर्च

शेवटी वही मांडून पाहू. खर्चाच्या बाजूला शस्त्राची लाखाच्या घरातली किंमत, म्यान, कुलपाचे कपाट, प्रशिक्षण, सरावाची काडतुसे, नूतनीकरण आणि कारवारच्या खेपा. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. त्या काळात शस्त्र असून नसल्यासारखे. घरात लहान मुले असतील तर रोजची काळजी वेगळी. शस्त्र हिसकावले गेले तर चोराच्या हाती रोकडीबरोबर रिव्हॉल्व्हरही जाणार. चालवले तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे स्वसंरक्षणाचा अधिकार जरूर आहे. पण गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही आणि ती गरज होती की नाही हे पुढे न्यायालय ठरवणार.

जमेच्या बाजूला एकच रक्कम राहते, ती म्हणजे धीर. ती मी शून्य धरत नाही. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला त्या धिराची किंमत कळते. अशा माणसाने हलके रिव्हॉल्व्हर, चाप झाकणारे म्यान आणि नियमित सराव या तिन्ही गोष्टी एकत्रच घ्याव्यात. एक नसेल तर उरलेल्या दोन घेऊ नयेत.

काकांना मी हा ताळेबंद दाखवला. त्यांची भीती जिवाची नव्हती, रोकडीची होती. त्यांनी अर्ज करण्याचा बेत सोडला, मोठी देणी-घेणी बँकेतून सुरू केली आणि उरलेली रोकड दिवसाच्या बसने, सोबत पाहून न्यायचे ठरवले. खिशातली रोकड घटली की खिशातल्या शस्त्राची गरजही घटते, हा हिशेब त्यांना लगेच पटला.

शस्त्राची निवड दुकानातल्या काचेसमोर उभे राहून करायची नसते. आपल्याला भय कशाचे, ते कोणत्या रस्त्यावर, आणि त्या रस्त्यावर हे शस्त्र नेता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहावीत. आपल्या तालुक्यात तरी बहुतेकांची निवड त्या कागदावरच संपेल, असे मला वाटते.