थेट तास हवा, पण हजेरी नको

रत्नागिरी जिल्ह्यात ऑनलाइन शिक्षणावर बोलायचं म्हणजे आधी हवामानावर बोलावं लागतं. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब पडले, मोबाइलची रेंज गेली, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. आणि नेमकं त्याच वर्षी शिक्षण ऑनलाइन झालं होतं. म्हणून आजचा प्रश्न असा: ऑनलाइन कोर्सला थेट तासांची, म्हणजे लाइव्ह सेशनची जोड द्यावी का, आणि दिली तर कशी?

कल्पना तशी जुनीच आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. पुस्तक घरी वाचायचं आणि अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला जायचं, ही तिथली पद्धत. पुढे 2003 साली एनपीटीईएल आलं, 2017 साली केंद्र सरकारचं स्वयम्. स्वयम् कोर्सचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चेची जागा. व्हिडिओचा गुण असा की तो थांबवता येतो, मागे नेता येतो. पण त्याला ‘सर, कळलं नाही’ असं म्हणता येत नाही. चर्चेत प्रश्न लिहिता येतो हे खरं, पण नेमकं काय अडलंय हे लिहून सांगणं पुष्कळांना जमत नाही. ते बोलता बोलता कळतं. थेट तासाचं काम एवढंच आहे.

आता चूक कुठे होते पाहा. थेट तासात पुन्हा तेच व्याख्यान दिलं जातं. मग मुलं म्हणतात, रेकॉर्डिंग बघू की नंतर! त्यांचं बरोबरच आहे. जे एकट्यानं बघता येतं ते व्हिडिओत ठेवा. प्रश्न दोन दिवस आधी मागवा, त्यातले जास्त वेळा आलेले तीन-चार निवडा, आणि उत्तर सांगण्याआधी मुलांकडून सोडवून घ्या. पाऊण तास पुरतो.

दुसरी गोष्ट डेटाची. साधा हिशोब करू. व्हिडिओ कॉलला सेकंदाला एक मेगाबिट धरलं, तर तासाला साधारण 450 एमबी जातात. नुसत्या आवाजाला 50 किलोबिट धरले, तर 22-23 एमबी. म्हणजे वीसपट फरक. म्हणून पाटी आणि आकृत्यांची पीडीएफ आधी पाठवायची, आणि तास असा घ्यायचा की नुसतं ऐकणाऱ्यालाही तो समजला पाहिजे.

आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. थेट तासाच्या हजेरीला गुण ठेवू नका. गुण ठेवले की ज्याच्या वाडीत रेंज नाही त्याचे गुण जातात, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो. तास रेकॉर्ड करा, त्याचा फक्त आवाजही वेगळा ठेवा, न आलेल्याचा प्रश्न फोनवरून किंवा मेसेजवरून घ्या आणि तासात वाचून दाखवा. शहरातल्या मुलाला शिक्षक भेटतो तसा वाडीतल्यालाही भेटावा, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. तो नेमका त्यालाच बाहेर ठेवणारा ठरला, तर व्हिडिओच बरे होते असं म्हणायची वेळ येईल.

थांबतो इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.