जिभेला रोजा, भरवसा मापावर

रमजानचा शेवटचा अशरा लागला की पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातल्या अनेक घरांत नानकटाईची तयारी सुरू होते. रोजात चाखून पाहणे बहुतेकजणी टाळतात, आणि भट्टीत गेलेला ट्रे सुधारता येत नाही. म्हणून मसाला मापातच जमवावा लागतो. तोही इफ्तारनंतर, कारण कुटताना पूड घशात जाते.

१० ग्रॅम हिरवी वेलची आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी मंद आचेवर मिनिटभर गरम करावी. जास्त भाजल्यास सुगंध उडतो. गार झाल्यावर दोन चमचे साखर घालून दळावी. साखरेमुळे वेलचीची सालेही बारीक होतात. शेवटी अर्धे जायफळ किसून मिसळावे. इथे हात आखडताच बरा, नाहीतर कडवटपणा येतो. अर्धा किलो मैद्याला एक लहान चमचा पुरे.

जायफळ, दालचिनी आपल्या कोकणातही पिकतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ जायफळ आणि ‘कोकण तेज’ दालचिनी या जाती दिल्या आहेत.

ईदच्या आधी बेकरीच्या भट्टीसमोर पीठ घेऊन रांग लागते. दिवाळीत तिथेच शेजारणी उभ्या असतात. मसाल्याची बाटलीही दोन्ही घरांत सारखीच चालते: इकडे शीरखुर्म्यात, तिकडे करंजीत.