सोसायटीच्या कचेरीतील मुका प्रिंटर

पेरणीच्या तोंडावर वरणगाव परिसरातील सोसायटीच्या कचेरीत जी गर्दी होते, ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज ३० जूनच्या आत फेडणाऱ्यास बिनव्याजी पडावे, अशी सोय राज्यात २०२१-२२ पासून झाली. त्यामुळे जून महिन्यात भरण्याची पावती व बेबाकीचा दाखला ह्यांस मोल चढते. पुढे २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना संमत केली. वहीची जागा संगणक घेत चालला. पण सभासदाच्या हाती शेवटी कागदच पडावा लागतो, आणि तो प्रिंटरमधून यावयाचा असतो.

अशाच एका कचेरीत आम्ही बसलो असता सकाळी वीज गेली व अर्ध्या तासाने आली. तीन संगणक सुरू झाले. कोपऱ्यातील प्रिंटरचा दिवाही लागला. परंतु तिन्ही पडद्यांवर ‘ऑफलाइन’ हीच अक्षरे. कारकुनांनी छपाईची आज्ञा पुनःपुन्हा दिली, काही निघेना. भुसावळच्या कारागिरास निरोप गेला, तो म्हणाला उद्या येतो. दाखल्यासाठी आलेले एक वृद्ध सभासद आदल्या दिवशीही हेलपाटा घालून गेले होते. ते म्हणाले, “भाऊ, यंत्राला काय झालं ते तरी सांगा.” सांगता कोणालाच आले नाही.

यंत्रास काहीही झाले नव्हते. बिघडला होता तो त्याचा पत्ता. कचेरीतील राउटर जोडलेल्या प्रत्येक उपकरणास एक क्रमांक देतो. वीज जाऊन आली की पुष्कळ साधे राउटर आपली जुनी यादी विसरतात व जो आधी मागेल त्यास क्रमांक वाटून मोकळे होतात. प्रिंटरला नवा क्रमांक मिळाला, संगणक मात्र जुन्याच क्रमांकावर कागद धाडीत राहिले. मौज अशी की जुन्या क्रमांकास ‘पिंग’ आज्ञेने हाक मारली तेव्हा उत्तर आले. ते एका कारकुनाच्या खिशातील मोबाइलचे होते! ह्या उत्तराने आम्हीही काही वेळ फसलो.

केळीच्या बुंध्याशी ठिबकचे थेंब पडेनासे झाले तर आपण बुंधा उकरीत नाही; पंप, गाळणी, मुख्य नळी असे क्रमाने पाहत येतो. येथेही तसेच करावे व आरंभ प्रिंटरपासून करावा. त्याच्याच बटणांवरून त्याचे माहितीपत्रक छापून घ्यावे. तो कागद नीट निघाला तर छापणारे यंत्र निर्दोष समजावे. त्याच कागदावर क्रमांक असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तार किंवा वाय-फाय तपासावे. क्रमांक योग्य असेल तर संगणकातील प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘पोर्ट’ ह्या सदराखाली तोच आहे काय, हे ताडून पाहावे. तिन्ही संगणक अडले असतील तर दोष बहुधा प्रिंटर वा राउटरकडे, एकच अडला असेल तर त्या संगणकात.

क्रमांक जुळूनही कागद येत नसेल तर रांग तुंबलेली असते. अडलेली कामे रद्द करावी व ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी. आमच्या त्या कचेरीत हे आधी करावयाचे राहिले, म्हणून पत्ता सुधारताच एकाच दाखल्याच्या एकोणीस प्रती धडाधड बाहेर आल्या.

काही ठिकाणी प्रिंटर एका संगणकास जोडून इतरांस त्याच्यामार्फत वाटलेला असतो. तो एक संगणक बंद, तर सारे बंद. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत मोठे सुरक्षाछिद्र उघडकीस आले. ते बुजविण्याच्या ओघात त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून अखेरीस ‘११बी’ असलेला दोषांक अनेक कचेऱ्यांत दिसू लागला. तेव्हा सुरक्षेची दुरुस्तीच काढून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. आमच्या मते तो सल्ला घातक. सभासदांची खाती ज्या संगणकावर आहेत त्याचे दार उघडे ठेवू नये. प्रिंटर सरळ राउटरला जोडावा, हे बरे.

कायमचा उपाय म्हणून राउटरच्या मांडणीत प्रिंटरसाठी एक क्रमांक राखून ठेवावा. ह्यास एखादा तास लागतो, खर्च काहीच नाही. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून प्रिंटरवर डकवावा. राउटरला लहानसा यूपीएस द्यावा. लेझर प्रिंटर मात्र त्यावर जोडू नये, कारण तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

एकोणीसपैकी एक प्रत घेऊन ते वृद्ध सभासद दुपारच्या गाडीने परतले. उरलेल्या अठरा गटसचिवांनी फाडून टाकल्या. बेबाकीचा दाखला फिरता राहू देणे बरे नव्हे.